दवाखान्याची इमारत आणि ताटकळणारा पेशंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत जुन्या वास्तूंवर जे काही येतं ते मी न चुकता वाचते, कात्रणंही काढून ठेवते, पण इतक्या वर्षांत एक लक्षात आलंय की वास्तू म्हटलं की किल्ला, राजवाडा, देऊळ, चर्च, फार तर एखादं रेल्वे स्टेशन, त्याच्या पुढे कुणी जातच नाही. दवाखान्याच्या इमारतीवर कुणी चार ओळी लिहिल्यात असं मला तरी आठवत नाही. मी ३४ वर्षं एक्स-रे टेक्निशियन होते म्हणून असेल कदाचित, पण मला दवाखाने बघायचा नाद आहे, लोक प्रवासाला गेले की बाजार बघतात, मी कुठे पाटी दिसली की वर छताकडे आणि खिडक्यांकडे बघत उभी राहते, आणि बरोबरच्यांना वाटतं हिला काय झालं.

हे पत्र अमेरिकेतल्या १९५० ते ६५ च्या सुमाराच्या डॉक्टरांच्या इमारतींबद्दल आहे. हॉस्पिटल नाही हं. पेशंट ॲडमिट करायची सोय नसलेली, दोन-चार डॉक्टरांनी मिळून बांधलेली, बहुतेक वेळा एकमजली बैठी इमारत, तिकडे मेडिकल ऑफिस बिल्डिंग म्हणतात ती. आता एवढं लांबचं कशाला असं तुम्ही म्हणाल, तर मुलगी तिकडे असते, मी सहा महिने तिच्याकडे होते, आणि तिथे एका दिवशी जे झालं ते आधी सांगते.

मुलीची स्किनच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट होती, मी सोबत गेले. इमारत सपाट छपराची, विटांची, पुढे पार्किंग, बघताक्षणी वाटलं की ही १९५५-६० च्या आसपासची असणार. आत दीड तास बसून होतो. वेटिंग रूमला म्हणायला खिडक्या होत्या पण सगळ्यांवर औषधांची पोस्टरं चिकटवलेली, वर टीव्ही ओरडतोय, ट्यूबचा पांढराफटक उजेड आणि समोर काउंटरची सरकती काच, जी कुणी उघडेचना. शेवटी मी उठून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लागले. एका खोलीचं दार इतरांपेक्षा जाड होतं आणि बिजागरीवर जरासं झुकलेलं, पाटी स्टोअर रूमची. मी सहज भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकलं. शेजारची भिंत ठक ठक वाजत होती, आतून पोकळ, तिकडे जिप्सम बोर्डाच्याच भिंती असतात. ह्या खोलीची भिंत धप्प वाजली. हात वर करून डोक्याच्याही वर ठोकलं तर तिथे परत ठक ठक. मुलगी म्हणाली, "आई, काय करतेस, सगळे बघतायत!" मी म्हटलं, "अगं ही एक्स-रेची खोली आहे, ह्या भिंतीत शिसं आहे."

एक्स-रे रूमच्या भिंतीत शिशाचा पत्रा जमिनीपासून साधारण ७ फुटांपर्यंतच लावतात, कारण पलीकडे उभा असलेला माणूस त्याहून उंच नसतो, वरची भिंत नुसती. दारातही पत्रा असतो म्हणून ते जड होतं आणि पन्नास-साठ वर्षांत बिजागरीला घेऊन बसतं. म्हणजे ह्या बैठ्या इमारतीत कधीकाळी स्वतःचं एक्स-रे मशीन होतं, डार्क रूम होती, लाल दिवा होता, फिक्सरचा तो आंबूस वास होता जो माझ्या साड्यांमधून कधी गेलाच नाही, आणि आता तिथे कागदांचे गठ्ठे आणि टिश्यूचे बॉक्स. पाटी बदलली, रंग बदलला, भिंत मात्र खोटं बोलत नाही. आतून नंबर आला तेव्हा मला उलट वाईट वाटलं, अजून बघायचं होतं.

तिथून मी वाचायला लागले, आणि आधी मनात हाच प्रश्न होता की अशा इमारती एकदम ह्याच काळात एवढ्या का उगवल्या.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पूर्वी तिकडेही डॉक्टर घरी यायचे. १९३० च्या सुमारास डॉक्टर-पेशंटच्या भेटींपैकी जवळपास ४० टक्के पेशंटच्या घरी व्हायच्या, १९५० पर्यंत ते १० टक्क्यांवर आलं आणि १९८० ला १ टक्का. का, तर बॅगेत मावणारी डॉक्टरकी संपत आली होती, एक्स-रे, ईसीजी, लॅब, हे सगळं पाठीला बांधून कोण नेणार. मग पेशंटनेच यायचं ठरलं. पहिल्यांदा हे डॉक्टर शहराच्या मध्यावर उंच इमारतींमध्ये गेले, सॅन फ्रान्सिस्कोत ४५० सटर म्हणून २६ मजल्यांची आहे, टिमथी फ्ल्यूगर ह्या आर्किटेक्टची, १९२९ ची, खास डॉक्टर आणि डेंटिस्ट लोकांसाठी बांधलेली आणि वर माया संस्कृतीची नक्षी! आत शिरणाऱ्याला दाताची नाही तर जीवाची धास्ती वाटेल असा थाट. मग युद्ध संपलं, लोक गाड्या घेऊन उपनगरात राहायला गेले, त्यांच्या मागोमाग डॉक्टर गेले, आणि तिथे जागा भरपूर म्हणून इमारत आडवी पसरली. लिफ्ट नको, जिना नको, गाडी दाराशी लावायची. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैसा हॉस्पिटलांकडे वळवला, गावोगावी नवी हॉस्पिटलं झाली आणि त्यांच्या आसपास डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चाने ही ऑफिसं टाकली.

अजून एक गोष्ट घडली ती म्हणजे टीबीचं औषध आलं. १९४३ ला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. त्याच्या आधी ऊन आणि हवा हीच ट्रीटमेंट होती, त्यामुळे दवाखान्याच्या आर्किटेक्टला सगळा विचार उन्हाचाच करावा लागायचा. फिनलंडमधलं पाइमिओ सॅनेटोरियम, आल्वार आल्टो ह्या आर्किटेक्टचं, १९३३ ला पुरं झालं, त्यात त्याने विचार केला की पेशंट दिवसभर पाठीवर पडून असतो म्हणजे त्याची समोरची भिंत म्हणजे छतच, म्हणून छताला शांत गडद रंग दिला, बेसिन अशी केली की पाण्याचा आवाज होऊ नये, दाराची हँडलं अशी की डॉक्टरच्या कोटाची बाही अडकू नये. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. आम्ही आयुष्यभर पेशंटला टेबलावर उताणं झोपवलं, "श्वास रोखा" म्हटलं, पण त्याला वर काय दिसतंय ते एकदाही वर बघून पाहिलं नाही. (दिसत होतं ते म्हणजे ओल आलेला डाग आणि एक लोंबणारी वायर.)

औषधं आल्यावर पेशंट महिनोन्महिने पडून राहायचा बंद झाला आणि पंधरा मिनिटांसाठी यायला लागला. पंधरा मिनिटं डॉक्टरची, त्याआधीचा तासभर वाट बघण्याचा. म्हणजे इमारतीचा जास्तीत जास्त वापर कोण करतं तर ताटकळणारा माणूस, जो घाबरलेला आहे, ज्याला बरं नाही, आणि ज्याच्या हातात करण्यासारखं काहीही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अशी इमारत बघायची तर वेटिंग रूमपासून बघावी, आणि त्या काळातल्या काही जणांनी ती खरोखर मन लावून केली होती.

ह्यातलं मोठं नाव म्हणजे अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट. १८६७ चा जन्म, म्हणजे नव्वदीला आलेला माणूस, न्यूयॉर्कचं गुगेनहाइम म्युझियम चालू होतं तेव्हाच बाजूला लहान लहान गावातल्या डॉक्टरांचे दवाखाने करत होता. त्यातले तीन सांगते. कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला कुंडर्ट क्लिनिक १९५६ चं, मिनेसोटात हेस्टिंग्जला फासबेंडर क्लिनिक, आणि मोंटानात व्हाइटफिशला लॉकरिज क्लिनिक, ही शेवटची दोन १९५९ पर्यंत पुरी झाली आणि राइट त्याच वर्षी ९ एप्रिलला गेला. सामान्य माणसाला परवडावं म्हणून तो ज्या साध्या बैठ्या घरांची डिझाईनं करायचा, उसोनियन म्हणतात ती, तोच साचा त्याने दवाखान्याला लावला. पेशंटला वाटावं आपण कुणाच्या तरी घरी आलोय.

कुंडर्ट मी प्रत्यक्ष बघितलं. जावई बिचारे मुद्दाम वाट वाकडी करून घेऊन गेले, रविवार होता म्हणून बंद होतं, आत जाता आलं नाही, पण बाहेरून मी सगळीकडून फिरून बघितलं. विटांची, बुटकी इमारत आहे, रस्त्यावरून जाताना सहज सुटून जाईल अशी, मागच्या बाजूला ओढा. मधला भाग तेवढा उंच उठवलाय आणि त्याला वर, छताच्या लगत, लहान लहान खिडक्यांची रांग आहे, त्या खिडक्यांवर लाकडाच्या फळ्यांमध्ये नक्षी कापून बसवलेली, म्हणजे उजेड येणार तो तुकड्या-तुकड्यांनी, गाळून. आता गंमत बघा, डॉ. कुंडर्ट डोळ्यांचे डॉक्टर होते. डोळे तपासायला ड्रॉप्स घातले की बाहुली मोठी होते आणि पुढचे काही तास साधा उजेडही सुईसारखा टोचतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला कळेल. अशा पेशंटला भल्या मोठ्या काचेसमोर बसवणं म्हणजे शिक्षा. वरून गाळून येणारा उजेड, समोर भिंत, हे डोळ्यांच्या पेशंटसाठी मुद्दाम होतं की राइट सगळीकडे असंच करायचा, तर खरं सांगायचं तो आपल्या घरांमध्येही असंच करायचा, पण इथे ते इतकं चपखल बसलंय की मला मुद्दाम केल्यासारखंच वाटून घ्यायला आवडेल. जावई म्हणाले, "आई, एवढ्यासाठी अडीच तास?" मी म्हटलं, हो.

हेस्टिंग्जचं फासबेंडर मी फोटोतच बघितलंय, त्याचं छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतं, कोंबडीने पिल्लं पंखाखाली घ्यावीत तसं. मिनेसोटात बर्फ पडतं, तिथे हे छप्पर बघूनच आत जावंसं वाटत असेल.

आणि व्हाइटफिश. ते बघायचं राहिलं, कारण ते आता नाहीच. लांब आडवी विटांची इमारत, वर उजेडाच्या खिडक्या, आणि वेटिंग रूममध्ये मधोमध मोठी फायरप्लेस होती. दवाखान्यात शेकोटी! मोंटानाच्या थंडीत बाहेरून आलेला माणूस, पोर कडेवर, नंबर येईपर्यंत आगीसमोर बसणार. पण ज्या डॉक्टरांनी हे बांधून घेतलं ते काही वर्षांतच वारले, १९६४ ला तिथे बँक आली, मग वकिलांची ऑफिसं. २०१२ ला राष्ट्रीय यादीत नाव लागलं, नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस म्हणतात ती. सगळ्यांना वाटलं आता वाचली. पुढे जागा एका डेव्हलपरकडे गेली, राइटच्या इमारती जपणाऱ्या संस्थेने धडपड केली, बोलणी जमली नाहीत, आणि १० जानेवारी २०१८ ला इमारत जमीनदोस्त. चाळीसहून जास्त वर्षांत राइटची धडधाकट उभी इमारत पाडल्याची ती पहिलीच वेळ.

यादीत नाव असून पाडली कशी, हा मलाही पडलेला प्रश्न, तर तिथला कायदा असा आहे की राष्ट्रीय यादी हा मान आहे, कुलूप नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी त्या कामात गुंतलेली असेल तर तपासणी होते, पण खाजगी मालक स्वतःच्या पैशाने स्वतःची इमारत पाडत असेल तर ती यादी त्याचा हात धरू शकत नाही. तो हात गावाचा स्वतःचा स्थानिक नियम असेल तरच धरता येतो. हां, दुरुस्त करून धंद्यासाठी वापरली तर खर्चाच्या २० टक्के टॅक्समध्ये सूट मिळते, पण गावाच्या मध्यावरची जागा आणि तिच्यावर एकच मजला, हे गणित मांडणाऱ्याला २० टक्क्यांचं काय अप्रूप. शिवाय यादीत यायला साधारण ५० वर्षं व्हावी लागतात, म्हणजे १९६० ची इमारत २०१० पर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसते, धड म्हातारी नाही धड तरणी नाही, आणि नेमकी ह्याच वयात छप्पर गळायला लागतं, पाईप गंजतात आणि मालक बदलतो.

मी भक्त मात्र नाही, हेही लिहायला पाहिजे. ह्या इमारतींचे दोष खरे आहेत. सपाट छपरं गळतात, राइटची तर ह्यासाठी बदनामीच होती. जमिनीला त्या काळच्या ९ इंची फरशा असतील तर त्यात बहुतेक वेळा ॲसबेस्टॉस निघतं, उखडायची म्हणजे वेगळा खर्च, वेगळी माणसं. खोल्या लहान, दारं अरुंद, आणि १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यानंतर दार उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी जागा हवी, व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ हवं, जुन्या तपासणीच्या खोलीत ते कुठून आणणार. हे मी नियम म्हणून नाही सांगत, व्हीलचेअरवरच्या पेशंटला दारातून काढताना त्याच्या कोपराची सालटी निघालेली मी बघितली आहेत. छत बुटकं, त्यामुळे आजचे एसीचे डक्ट आणि केबल घालायला वर जागाच नाही. आणि मोठ्या आर्किटेक्टने केलं म्हणजे चांगलंच असंही नाही, लुई कान, ज्याला आपण अहमदाबादच्या आयआयएममुळे ओळखतो, त्याने फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटीत रिचर्ड्स मेडिकल लॅब केली, जगभर नाव झालं, आणि आत बसणाऱ्या शास्त्रज्ञांनी डोळ्यांवर ऊन येतं म्हणून खिडक्यांवर ॲल्युमिनियमचा फॉइल आणि पेपर चिकटवले. वापरणाऱ्याला विचारलं नाही की असं होतं.

पण विचारलं की काय होतं त्याचंही उदाहरण त्याच काळात आहे. कॅलिफोर्नियातच सिडनी गारफील्ड म्हणून डॉक्टर होते, कैसर ह्या संस्थेच्या हॉस्पिटलांचे, त्यांनी १९५३ ला वॉलनट क्रीकला हॉस्पिटल करताना स्वतः डॉक्टरच्या डोक्याने प्लॅन मांडला. नर्सेससाठी मधून कामाचा रस्ता, भेटायला येणाऱ्यांसाठी बाहेरून वेगळा कॉरिडॉर, म्हणजे औषधाची ट्रे आणि नातेवाईकांची डब्यांची पिशवी एकमेकांवर आपटत नाही. आणि बाळासाठी भिंतीत चक्क ड्रॉवर! आईने पलंगावरून ओढला की बाळ हाताशी, ढकलला की पलीकडे नर्सकडे. फोटो बघून मुलगी हसली, मी नाही हसले, बाळंतिणीला रात्रीतून किती वेळा उठावं लागतं ते मला माहीत आहे.

आणि रिचर्ड नॉइट्रा ह्या आर्किटेक्टने १९६३ ला न्यूपोर्ट बीचला मरिनर्स मेडिकल आर्ट्स म्हणून डॉक्टरांची ऑफिसं केली ती बागेच्या अंगाने, त्याचं सगळं म्हणणंच हे की माणसाच्या नसांना, डोळ्यांना, कानांना काय वाटतं ते मोजून घर बांधा, नुसतं दिसायला नको. वाट बघायची तर झाडाकडे बघत बघा. पोस्टरं चिकटवलेल्या खिडकीसमोर दीड तास काढलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. त्या इमारतीला पण खिडक्या होत्याच की! कुणीतरी कधीतरी विचार करून तिथे ठेवल्या होत्या, पलीकडे झाड होतं, मी बाहेर येऊन बघितलं, चांगलं डेरेदार झाड, बरोब्बर खिडकीच्या मधोमध येईल असं लावलेलं. पाडायची गरजच नाही, पोस्टरं लावली की इमारत अर्धी संपतेच. मी जाता जाता काउंटरवरच्या मुलीला हे माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ती म्हणाली "ओह, नाइस," आणि पुढचं नाव पुकारलं.

माझं तुम्हाला एवढंच सुचवणं आहे की वास्तूंच्या सदरात कधीतरी ह्या इमारतींनाही जागा द्या. लिहिणारा आर्किटेक्ट असलाच पाहिजे असं नाही, नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले, ह्यांना विचारा, कुठल्या खोलीत उन्हं किती वाजता येतात आणि कुठलं दार वाजतं हे त्यांना ठाऊक असतं, प्लॅनमध्ये ते सापडत नाही.

सोबत कुंडर्ट क्लिनिकचा फोटो पाठवते आहे, जावयांनी काढलाय, कोपऱ्यात माझी पर्स आली आहे ती कापली तरी चालेल. जागा कमी पडली तर माझा मजकूरही कापा. पण फोटोतली ती छताखालची खिडक्यांची पट्टी तेवढी कापू नका, नाहीतर उरेल ती नुसती विटांची भिंत.

आपली नम्र,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन